भिंगरी

दरवाज्यांच्या कामातून उरलेलं प्लाय,
पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा
आणि चौदा फुटी लोखंडी पाइप.
एवढ्यात घर उभं केलं, आठ खोल्यांचं.
माझ्या हातचं पहिलंच
ज्याला कडी-कोयंडा लावला नाही.

मालकाची आई, उम्म सुलतान,
संध्याकाळी खुर्ची टाकून बसते मागच्या अंगणात,
गाफच्या झाडाखाली.
तिच्या बापाचं घर वर डोंगरात, दगडाचं.
तिथे म्हणे कड्याच्या पोटात भिंगऱ्या राहायच्या,
चिखलाच्या वाट्या चिकटवून.
"ए सुतारा," ती म्हणाली, "बोलाव त्यांना इथे."
बोलाव!
जशा काही त्या बाणकोटच्या तरीतून
गाठोडं सांभाळत उतरणार होत्या.

तरी केलं. भोक सव्वादोन इंच.
तोंड उत्तरेला, उन्हाकडे पाठ.
मांजर चढू नये म्हणून खांबाला ग्रीस.
छप्पर सुटं, वर्षातून एकदा झाडता यावं असं.
आमच्या खोलीचं छप्पर मी कधी
इतक्या विचाराने पाहिलेलं नाही.

अकरा वर्षं रास अल खैमात.
आई फोनवर म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी.
कसली भिंगरी, आई.
खोलीतून वर्कशॉप, वर्कशॉपमधून खोली,
शुक्रवारी मासळीबाजार,
आणि तिथेही सुरमईचा भाव विचारून
तारली घेऊन परत.

पंधरा दिवस गेले.
दोन-तीनदा त्या वरून गेल्या खऱ्या,
राखेच्या रंगाच्या, कात्रीने हवा कापत,
पत्ता चुकल्यासारखं वळल्या
आणि नाही थांबल्या.

आली ती साळुंकी.
डोळ्यांभोवती पिवळं, चालणं ठसक्यात.
आठही खोल्या आत जाऊन पाहिल्या,
भाडं न विचारता तिसरी धरली,
आणि नवऱ्याला हाक मारली ती थेट
आमच्या परसातल्या आवाजात.

याकूब म्हणाला, काढून टाक तिला.
ही इथली नव्हे. बाहेरून आलेली जात.
बोलला, आणि हातातला रंधा
उगाच उलटसुलट करून पाहू लागला.
तो पेशावरचा.

शिडी लावून छप्पर उचललं.
आत सुतळी, खजुराच्या झावळीचे धागे,
पराठ्याचा तेलकट कागद,
कुणाच्या तरी हजेरी कार्डाची निळी दोरी,
आणि त्यात चार अंडी,
सकीनाच्या मेंदीच्या दिवशीच्या
काचेच्या चुड्याचा रंग.
छप्पर हळूच ठेवलं. एक स्क्रू कमी लावला,
का ते माहीत नाही.

म्हातारीला जाऊन सांगितलं, जमलं नाही.
ती बराच वेळ खांबाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "घर रिकामं नाही ना? झालं तर."

एप्रिल लागला. एसी दिवसरात्र.
आमच्या खोलीमागे बाहेरच्या यंत्राचा पाइप फुटलेला,
टप, टप, टप,
वाळूत ताटाएवढा चिखल.
त्याच्यावर मी रोज पाय घसरून शिव्या घातल्या.
एका सकाळी तिथे दोघी उतरल्या.
पाय भिजणार नाहीत असे उंच धरून
चोचीत चिखल घेतला, गोळी केली,
उडाल्या
आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर,
जिथे कांद्याचा धूर जातो
आणि कुकरच्या शिट्टीने पत्रा थरथरतो,
तिथे पहिली गोळी लावली.

ना रंग, ना ग्रीस, ना उत्तर दिशा.
माझं मोजमाप सगळं खिशात राहिलं.

उम्म सुलतानची खुर्ची
दोन दिवसांनी इकडे आणली, कामगारांच्या बाजूला.
मालक काही बोलला नाही.
ती पदराने नाक झाकून बसते, कांद्यामुळे,
आणि मोजते: आज किती गोळ्या.

फोरमन ओरडतो, चौगुले, तो पाइप!
वहीत लिहून ठेवलं आहे मी,
दुरुस्ती: पुढच्या आठवड्यात.
मागच्या पानावरही तेच आहे,
त्याच्या मागच्याही.